मदत हवी आहे: दुर्बिणीच्या आरशाचं पॅनेल आणि तापमानाने येणारा बाक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्स करतोय. प्रकल्पाला विश्वरचनाशास्त्रासाठीची सबमिलिमीटर (मिलिमीटरहून छोट्या तरंगलांबीचे तरंग टिपणारी) दुर्बीण घेतलीय. समोर नमुना चिलीतल्या सेरो चाखनांतोरवरच्या, 5,600 मीटर उंचीच्या 6 मीटर फ्रेड यंग दुर्बिणीचा. एवढी उंची लागते, कारण हवेतली वाफ हे तरंग गिळते. आपल्या पावसाळी हवेत तर काहीच हाती लागणार नाही.

घोडं अडलंय आरशापाशी. 350 मायक्रॉन तरंगलांबीला पृष्ठभागाची सरासरी चूक 10 मायक्रॉन असली तर रुझच्या सूत्राने (पृष्ठभागाच्या चुकीने आरशाची कार्यक्षमता किती घटते ते सांगणारं सूत्र) 88 टक्के कार्यक्षमता टिकते. 20 झाली की थेट 60! आणि आरसा ज्या तुकड्यांचा जोडतात त्या 70 सेंमी लांब, 5 सेंमी जाड भरीव अॅल्युमिनियम पॅनेलच्या पुढच्या नि मागच्या बाजूच्या तापमानात अर्धा अंश फरक पडला, तरी मधोमध 14 मायक्रॉन बाक येतो. उन्हात काय होईल?

उद्यमनगरातले एक कारखानदार काका व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) छोटा तुकडा करून देतायत. पॅनेल भरीव ठेवावं की मागून कोरून फासळ्या सोडाव्यात? फिनिशिंग कटाआधी स्ट्रेस रिलीव्ह (धातूतला आतला ताण घालवणं) किती वेळा? आणि शिरोळी किंवा गोकुळ शिरगावात कुणाच्या ओळखीने तासभर सीएमएम (अचूक मापं घेणारं यंत्र) मिळेल का? मशीनशॉपमधल्या जाणत्यांनी जरूर सांगा, फार गरज आहे.