लेखी प्रश्नाचे उत्तर आले, आता पुढे काय? (स्कॉटिश पार्लमेंटमधील प्रश्न आणि समित्या)

क्लाइडकाठी:

आम्ही नऊ वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये राहतो. माझ्या सासूबाईंच्या खुब्याचा सांधा बदलायचा आहे. रुग्णाने उपचाराला होकार दिल्यापासून बारा आठवड्यांच्या आत तो उपचार मिळेल, अशी हमी इथल्या २०११ च्या रुग्णहक्क कायद्यात आहे. आमच्या बाबतीत ती मुदत उलटून वर्ष झाले. सासूबाई आता जिना दिवसातून एकदाच उतरतात आणि रात्री एकदाच चढतात, आणि चढताना कठड्याला धरून दोनदा थांबतात.

मी आमच्या मतदारसंघाच्या एमएसपींना (स्कॉटिश पार्लमेंटच्या सदस्यांना) पत्र लिहिले. त्यांनी आस्थेने वाचले आणि सरकार प्रतीक्षा कमी करण्यासाठी काय करीत आहे, असा लेखी प्रश्न सभागृहात दाखल केला. दहाव्या कामकाजाच्या दिवशी उत्तर आले. उत्तरात तीन वाक्ये होती: सरकारला प्रतीक्षेची जाणीव आहे, आकडेवारी नियमितपणे प्रसिद्ध होते, आणि शस्त्रक्रियांचे नियोजन ही संबंधित आरोग्य मंडळाची जबाबदारी आहे. ते वाचून मला फार असहाय वाटले.

दर गुरुवारी दुपारी बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुखांना, प्रश्न विचारले जातात, तेही मी पाहते. तिथे आवेश असतो, पण माहिती थोडीच हाती लागते. मग या पार्लमेंटमध्ये सार्वजनिक सेवांची खरी झडती नेमकी कुठे होते? समित्यांकडे जाऊन काही उपयोग होतो का? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना लेखापाल:

ताई, तुमच्या सासूबाईंना लवकर आराम पडो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, कारण मी सार्वजनिक लेखापरीक्षणाच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत आणि हा विषय माझ्या मनाच्या जवळचा आहे.

पहिली गोष्ट अशी की, ते तीन वाक्यांचे उत्तर निरुपयोगी नाही. ते आता कायमच्या नोंदीत गेले आहे, आणि त्यातले तिसरे वाक्य जबाबदारी कोणाची हे सांगून मोकळे झाले आहे. सार्वजनिक वित्त आणि उत्तरदायित्वासंबंधीच्या २००० च्या कायद्यानुसार इथे प्रत्येक आरोग्य मंडळासाठी एक उत्तरदायी अधिकारी नेमलेला असतो, बहुधा मंडळाचा मुख्य कार्यकारी अधिकारीच, आणि पैसा नीट वापरला गेला की नाही याचा जाब पार्लमेंटपुढे त्याला व्यक्तिशः द्यावा लागतो. मंत्र्यांनी मंडळाकडे बोट दाखवले म्हणजे वाट बंद झाली असे होत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या रचनेची. ‘सरकार काय करीत आहे?’ असे विचारले की सरकारला हवे ते सांगता येते. त्याऐवजी, ‘अस्थिरोग शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षेबाबत आरोग्यमंत्र्यांनी या मंडळाच्या प्रमुखांशी शेवटची बैठक कोणत्या तारखेला घेतली आणि त्यानंतर मंडळाला लेखी सूचना दिल्या का?’ असे विचारले, तर उत्तरात तारीख तरी द्यावी लागते, नाहीतर बैठक झाली नाही हे मान्य करावे लागते. अरुंद प्रश्नातून निसटणे अवघड असते. एका उत्तरातली तारीख घेऊन पुढचा प्रश्न बांधायचा असतो. जाणते सदस्य वर्षभर असे प्रश्न ओवत राहतात आणि समितीपुढे अधिकारी येतो तेव्हा ती सगळी माळ हातात घेऊन बसतात.

समितीचा फरक मात्र एका उदाहरणाने सांगतो. क्लाइडकाठच्या पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन मरीन गोदीला २०१५ मध्ये दोन फेरी जहाजांचे कंत्राट मिळाले. किंमत ९.७ कोटी पौंड होती आणि जहाजे २०१८ मध्ये मिळायची होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिले जहाज, ग्लेन सॅनक्स, समारंभाने पाण्यात उतरवले गेले, तेव्हा त्याच्या पुढच्या भागातल्या खिडक्या रंगाने काढलेल्या होत्या. त्या जहाजाची ॲरन बेटाकडे प्रवासी वाहतूक सुरू व्हायला जानेवारी २०२५ उजाडले. या काळात सभागृहात या विषयावर अनेकदा प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येक वेळी नवी मुदत सांगितली गेली.

विषयाच्या मुळाशी हात घातला तो समित्यांनी. ग्रामीण अर्थव्यवस्था आणि दळणवळण समितीने साक्षी घेऊन डिसेंबर २०२० मध्ये अत्यंत कठोर अहवाल दिला. मार्च २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, जहाजबांधणीत काही बिघडले तर पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी गोदीने दिलेली नव्हती, जहाजे मागवणाऱ्या सरकारी कंपनीने त्याबद्दल चिंता कळवली होती, आणि तरीही मंत्र्यांनी ती जोखीम का पत्करली हे सांगणारी पुरेशी कागदपत्रे सापडत नाहीत. हा अहवाल लोकलेखा समितीपुढे गेला. मे २०२२ मध्ये मंत्र्यांच्या मंजुरीचा उल्लेख असलेला एक ईमेल सरकारनेच शोधून प्रसिद्ध केला, आणि समितीचा स्वतःचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. एक कागद बाहेर यायला साडेसहा वर्षे लागली हे दुःखद आहे. पण महालेखापरीक्षकांनी ती उणीव नोंदवली नसती आणि समितीने ती धरून ठेवली नसती, तर तो कागद कोणी शोधलाही नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

समितीला हे जमते याचे कारण तिच्याकडे वेळ आणि कायद्याचे बळ या दोन्ही गोष्टी असतात. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याच्या कलम २३ खाली पार्लमेंट साक्षीदाराला हजर राहण्याचा आणि कागदपत्रे सादर करण्याचा आदेश देऊ शकते आणि वाजवी कारणाशिवाय तो मोडणे हा गुन्हा ठरतो. हे अस्त्र क्वचितच उपसावे लागते. गुरुवारच्या प्रश्नोत्तरांत एका मुद्द्याला काही मिनिटे मिळतात, समितीत तोच अधिकारी दोन दोन तास समोर बसलेला असतो आणि त्याचा शब्द न् शब्द अधिकृत अहवालात छापला जातो.

उत्तरायण:

लेखापाल यांनी सांगितलेले बहुतेक मला मान्य आहे, परंतु समित्यांचे चित्र त्यांनी थोडे उजळ रंगवले आहे असे मला वाटते. या पार्लमेंटला वरिष्ठ सभागृह नाही. १९९९ मध्ये ते सुरू झाले तेव्हा कल्पना अशी होती की विधेयकांची छाननी आणि सरकारची चौकशी ही दोन्ही कामे त्याच समित्या करतील, म्हणजे दुसऱ्या सभागृहाची उणीव भासणार नाही. प्रत्यक्षात सदस्य १२९ आणि त्यातून मंत्री वजा. उरलेल्यांपैकी अनेकांना दोन दोन समित्यांत बसावे लागते. विधेयके आली की चौकशी मागे पडते. सदस्य अधूनमधून बदलतात आणि एखाद्याने दोन वर्षे मुरवलेला विषय नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो.

शिवाय समित्यांत पक्षांचे प्रमाण सभागृहाप्रमाणेच असते. २०११ च्या निवडणुकीत एका पक्षाला ६९ जागा मिळाल्या, तेव्हा समित्यांतही सत्ताधाऱ्यांचाच वरचष्मा झाला. वेस्टमिन्स्टरच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बहुतेक निवड समित्यांचे अध्यक्ष २०१० पासून सदस्यांच्या गुप्त मतदानाने निवडले जातात. होलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंटमध्येही, तसे करावे, अशी शिफारस पार्लमेंट सुधारणा आयोगाने २०१७ मध्येच केली होती. पक्षाने नेमलेल्या अध्यक्षाला आपल्याच पक्षाच्या मंत्र्याची उलटतपासणी करणे किती जड जात असेल, याचा विचार करावा.

आणि पार्लमेंटच बंद पडले तर? उत्तर आयर्लंडमध्ये जानेवारी २०१७ पासून तीन वर्षे, आणि मे २०२२ च्या निवडणुकीनंतर फेब्रुवारी २०२४ पर्यंत असेंब्लीचे नेहमीचे कामकाज झाले नाही. रुग्णालये आणि शाळा चालू होत्या, खर्च होत होता, अधिकारी निर्णय घेत होते, परंतु त्यांना बोलावून विचारणारी एकही समिती बसलेली नव्हती. समित्यांविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, तरी त्या रिकाम्या खोल्यांची आठवण झाली की मी त्यांच्या बाजूने उभा राहतो.

क्लाइडकाठी:

दोघांचेही मनापासून आभार. प्रश्नाच्या रचनेबद्दल जे सांगितले ते मला कोणी आजवर सांगितले नव्हते. एक शंका उरते: मी सामान्य रहिवासी आहे, एमएसपींच्या मर्जीवाचून समितीपर्यंत पोहोचायचे कसे?

पाणपोई:

ताई, यासाठी याचिकेचा मार्ग आहे. याचिका समितीकडे कोणीही अर्ज करू शकते आणि त्याला एकच सही पुरते. अट अशी की विषय राष्ट्रीय धोरणाचा हवा, एका व्यक्तीच्या प्रकरणाचा चालत नाही. २०१४ मध्ये काही स्त्रियांनी शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या जाळीच्या रोपणांबद्दल अशी याचिका दिली. ज्या वेदनांवर डॉक्टरांनी विश्वास ठेवला नव्हता त्या त्यांनी समितीच्या टेबलापाशी बसून स्वतः सांगितल्या, काही जणी चाकांच्या खुर्चीतून आल्या होत्या. त्यानंतर त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी मंडळांना ही रोपणे थांबवण्यास सांगितले, आणि ज्यांनी स्वतःच्या खर्चाने ती जाळी काढून घेतली त्यांना पैसे परत देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. मध्ये आठ वर्षे गेली, हे मी लपवत नाही.

सासूबाईंच्या एकटीच्या तक्रारीसाठी आधी मंडळाकडे रीतसर लेखी तक्रार करा आणि तिथे समाधान झाले नाही तर सार्वजनिक सेवांच्या लोकपालाकडे जा. आणखी एक: प्रत्येक रहिवाशाला एक मतदारसंघाचा आणि सात प्रादेशिक असे आठ एमएसपी असतात. त्यांपैकी आरोग्य समितीवर किंवा लोकलेखा समितीवर कोण आहे ते पाहा आणि त्यांनाही पत्र लिहा.

जुना लेखापाल:

पाणपोई यांच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. बारा आठवड्यांची हमी मोडली तर मंडळाने रुग्णाला त्याचे कारण कळवले पाहिजे, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. तसे पत्र तुमच्या घरी आले होते का, ते आधी तपासा.

क्लाइडकाठी:

आत्ताच सगळी फाइल उलटून पाहिली. भेटीच्या तारखा बदलल्याची चार पत्रे आहेत, कारण कळवणारे एकही नाही. आमच्या आठपैकी एक प्रादेशिक सदस्य आरोग्य समितीवर आहेत, त्यांना आज रात्री लिहीत आहे. त्यांनी दाखल करावा म्हणून प्रश्नाचा मसुदा असा केला आहे: ‘गेल्या बारा महिन्यांत या मंडळाच्या क्षेत्रात किती रुग्णांच्या बाबतीत बारा आठवड्यांची हमी मोडली, आणि त्यांपैकी किती जणांना कायद्याप्रमाणे कारण कळवण्यात आले?’ यात काही सैल राहिले असेल तर कृपया सांगा, पत्र दहा वाजेपर्यंत थांबवते.