पिन करताना पाय का धरत नाहीत हे लोक?

तांबडारस्सा:
टेन स्पोर्ट्सच्या काळापासून डब्ल्यूडब्ल्यूईच्या टीव्हीवरच्या कुस्त्या बघतोय. खाऊचे सगळे पैसे ट्रम्प कार्डांवर उडवलेला माणूस. सगळं ठरलेलं असतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा तेवढंच सांगायला कुणी येऊ नका.

गेल्या रविवारी आज्ज्याला शेजारी बसवून एक मॅच लावली. आज्जा तरुणपणी तालमीतला, कान अजून चेपलेले आहेत. वीस मिनिटं गप्प होता. एकानं दुसऱ्याला वरच्या दोरीवरून आपटलं आणि एवढं करून त्याच्या छातीवर एक हात टाकला. नुसता हात. पाय मोकळे, कंबर मोकळी. पिनला रेफरीच्या तीन थापांपर्यंत खालच्याचे खांदे टेकलेले लागतात; दोन पडल्या, खालच्यानं खांदा उचलला. आज्जा म्हणाला, “ह्यो काय ताप बघतोय व्हय त्येचा?”

तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही. पाय आवळून छातीशी घेतला की खालच्याला कंबर उचलायला जोरच मिळत नाही, हे तालमीतल्या बारक्या पोरालाही कळतं. आणि इथं उलटंच झालंय: पाय नीट धरला की समजायचं, मॅच संपली. म्हणजे त्याआधीच्या आठ-दहा पिनांना माझा जीव वरखाली व्हायचं कारणच उरलं नाही. तुम्हाला खटकत नाही?

पावणेतीन:
खटकतं, पण सरसकट नाही. दमलेला गडी सरपटत येऊन कसाबसा हात टाकतो, तिथं तो कच्चा पिन म्हणजेच गोष्ट असते. उशीर झाला, अंगात काही उरलं नाही. माझ्या डोक्यात जाते ती तिघांची मॅच. पिन मोडायला तिसरा बरोबर दोन थापा झाल्यावरच उडी मारतो. तोवर रिंगबाहेर चहा घेत होता का?

गुलाबी_चष्मा:
आज्ज्यांना ब्रेट हार्ट दाखवा. १९९२ चा समरस्लॅम शो, लंडनचं वेम्बली. ब्रेट सनसेट फ्लिपला (समोरच्यावरून कोलांटी मारून त्याला मागं पाडायचा डाव) गेला आणि समोरचा बुलडॉग मागं पडायच्या ऐवजी त्याच्यावरच बसला, पाय अडकवले, खेळ खलास. १९९४ च्या रेसलमेनियात भाऊ ओवेननंही त्याला तसंच बसून हरवलं. रेसलमेनिया ३ मध्ये सॅव्हेज उचलून आपटायला गेला तर स्टीमबोटनं त्याचंच गाठोडं केलं. हे पिन म्हणजे डाव आहेत. आता पिन म्हणजे फिनिशरनंतरची (प्रत्येकाच्या ठरलेल्या शेवटच्या डावानंतरची) सही झालीय.

खलीचा_गाववाला_नाही:
पाय धरला तरच खरं, असं कुठाय? २००६ च्या जजमेंट डेला खलीनं अंडरटेकरच्या छातीवर पाय ठेवून पिन केला. तो नुसता पिन नव्हता, अपमान होता, आणि म्हणूनच पटला. खुद्द टेकर तरी टूमस्टोननंतर (उलटं धरून डोक्यावर आपटायचा त्याचा डाव) कुठं पाय धरायचा? समोरच्याचे हात छातीवर घडी घालायचा, जीभ बाहेर. त्यातून २००९ मध्ये शॉन मायकल्स सुटला तेव्हा टेकरचं तोंड आठवा. आणि २०१४ ला ब्रॉक लेस्नरनं टेकरला पिन केलं, तिसरी थाप पडली तेव्हा आमच्या घरात ‘रेफरी चुकला’ म्हणून भांडण झालं होतं. स्क्रीनवर २१-१ आलं (रेसलमेनियात टेकरचे एकवीस विजय आणि ही पहिली हार) तेव्हा सगळे गप्प.

पावणेतीन:
टेकरला पाय धरायची गरज नव्हती हो. त्याची दहशतच धरून ठेवायची. ती सूट बाकीच्यांना कशाला?

तांबडारस्सा:
रिपोर्ट. काल रात्री आज्ज्याला बुलडॉगचा शेवट दाखवला. खुर्चीत पुढं सरकला. “परत लाव.” तीनदा लावला. मातीत तीन थापा नसतात, पाठ टेकली की हलगी सुरू, त्यामुळं रेफरी कशाला मोजत बसतो हे त्याला अजून पटलेलं नाही. पण म्हणाला, “ह्याला डाव म्हंत्यात. बसला बघ कसा.”

मग टेकरचा हातांची घडीवाला पिन लावला. मला वाटलं, शिव्या पडणार. आज्जा जरा वेळ बघत राहिला.

“मढं मांडलंय त्येनं,” म्हणाला. “हे चालतंय.”

छातीवर हात टाकणाऱ्याला मात्र माफी नाही. आज सकाळी मला ताप होता, कपाळाला हात लावून म्हणतोय, “एक... दोन...”