कोकणात अंड्यांसाठी पिंजरा हवाच का?

माडाखाली (गुहागर): वाडीत एकजण हजार कोंबड्यांची पिंजरा शेड घालायचं म्हणतोय, म्हणून हा धागा. माझं मत: पिंजरा नको. आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौ. सेंमी जागा येते, ए-फोर कागदापेक्षाही कमी. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंड्याला बसायला आडोसा नाही. युरोपात असले जुने पिंजरे २०१२ पासून बंद आहेत. माझ्या ग्रामप्रिया जातीच्या ८० कोंबड्या रात्री जांभ्याच्या खुराड्यात असतात, दिवसा कलमांखाली. पाला उकरून वाळवी वेचतात, शीट बागेतच पडते.

लेअरवाला_चिपळूण: दादा, हिशोब बघा. पिंजऱ्यातली लेअर, म्हणजे अंड्यांसाठीची कोंबडी, दिवसाला ११० ग्रॅम खाऊन वर्षाला ३०० अंडी देते, म्हणजे अंड्यामागे १३४ ग्रॅम खाद्य. तुमची कोंबडी १२० ग्रॅम खाऊन २०० देत असेल तर २१९ ग्रॅम. पर्यावरणावर अंड्याचा सगळ्यात मोठा भार खाद्याचाच असतो, आणि आपला मका-सोया घाटावरून ट्रकने येतो. मुंगूस आणि घार नेते ते वेगळंच. कोंबडी सुखी झाली म्हणजे धंदा टिकाऊ झाला, असं नाही.

कुडाळकरीण: मी जुलैचं सांगते. ६० तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) तुसावर ठेवल्या होत्या. तिसऱ्या झडीत तूस भिजून त्याची ढेकळं झाली, शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरायचे. मग रक्ती हगवण. पंख पाडून कोपऱ्यात बसायच्या, सकाळी उचलायला जावं तर कडक झालेल्या. १९ गेल्या. पुढच्या वर्षी पिंजरा घेतला. शीट खाली पडते, पायाखाली येत नाही, तो रोग परत आला नाही. माश्या मात्र एवढ्या झाल्या की शेजारच्या काकूंनी दार उघडं ठेवणं सोडलं.

तिठ्यावरचो: ह्या काय माका पटला नाय. पाऊस काय आजचो? आमच्या आजयेकडे कोंबड्यो होत्योच.

लेअरवाला_चिपळूण: आजीकडे दहा असतील हो. इथे हजारांची गोष्ट चाललीय.

माडाखाली: ताई, १९ गेल्या हे वाचून वाईट वाटलं. माझ्याही पहिल्या पावसात गेल्या होत्या. आता जोतं दोन फूट उंच केलंय, पश्चिमेला झापांची ताटी आहे, आणि तूस रोज उकरून आठवड्याला चुना मिसळतो. वास आला की तो थर त्याच दिवशी बाहेर. लेअरवाले, बाग कोरडी असताना मी ८० ग्रॅमच घालतो, बाकी त्या वेचतात. पावसात मात्र पूर्ण १२० लागतं, तिथे तुमचा हिशोब मान्य. पण एकाच शेडमध्ये हजार कोंबड्या घालायच्याच कशाला? दहा घरांत शंभर-शंभर ठेवल्या तर शीट त्या-त्या बागेत जिरेल.

कुडाळकरीण: शंभर जमतील. पण रोज तूस उकरायचं काम आमच्याकडे बायकाच करतात. ते हिशोबात धरा.