कंट्रोलर म्हणाला ‘बी-३०९’, म्हणून ३०९ ची झडती घ्यायची?

गॅलरीतला_एपी (धागाकर्ता)

एका इंजिनिअरिंग कॉलेजचं वायफाय मी सांभाळतो. गाव आणि कॉलेज कोणतं ते विचारू नका. मुलांच्या वसतिगृहाला ए आणि बी अशा दोन विंग, मधे चौक, प्रत्येक मजल्यावर चौकाकडे तोंड केलेली उघडी गॅलरी. एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, वायफाय देणारे डबे) या गॅलरीत छताला लावलेत, साधारण सहा खोल्यांमागे एक.

गेल्या महिन्यात एका मुलाचा लॅपटॉप हरवला. प्रवेशाच्या वेळी आम्ही प्रत्येकाच्या डिव्हाइसचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) लिहून घेतो, त्यामुळे शोधणं सोपं होतं. कंट्रोलरच्या (सगळे एपी सांभाळणारी यंत्रणा) क्लायंट लिस्टमध्ये, म्हणजे जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत, मॅक टाकला आणि हिस्टरी उघडली. रात्री १:४० ला लॅपटॉप नेटवर्कवर आला, नऊ मिनिटं राहिला आणि गेला. एपी ‘बी-३०९’, सिग्नल −७१ डीबीएम (आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल क्षीण).

एवढं मी रेक्टरना कळवलं. अर्ध्या तासात ३०७ ते ३१२ या सहा खोल्यांची झडती झाली. त्यातही ३०९ ची जास्तच, गाद्या उलट्या करून. कारण एपीच्या नावातच ३०९ होतं. आता ते नाव मीच ठेवलेलं. एपी त्या खोलीच्या दाराबाहेर आहे, केबल ओढणाऱ्याला सापडावा एवढाच हेतू.

लॅपटॉप सापडला समोरच्या ए विंगमध्ये. मुलगा अभ्यासिकेत विसरून गेला होता. रात्रपाळीच्या वॉचमनने खिडकीजवळच्या टेबलावर झाकण उघडून कुणाचा आहे ते बघितलं, काही समजलं नाही, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. चोरी झालीच नव्हती. ए विंगच्या एपीपर्यंत मधे दोन विटांच्या भिंती, आणि बी विंगचा एपी चौकापलीकडे पण खिडकीतून सरळ समोर. लॅपटॉपने बरा वाटला तो धरला.

माझं मत: डिव्हाइस कुठल्या एपीशी बोलतंय एवढंच कंट्रोलरला माहीत असतं. ते कुणाच्या खोलीत आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे ही माहिती नेटवर्कवाल्याने स्वतःच्या शोधाला वापरावी, झडती घेणाऱ्याच्या हातात देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

---

डेसिबल

असहमत. साधन बरोबरच होतं, वाचणारा चुकला. राग मानू नका.

मी हॉटेलं आणि ऑफिसांची वायफाय डिझाइन करतो. ३०९ मध्ये असलेल्या लॅपटॉपचा सिग्नल दाराबाहेरच्या एपीला −७१ मिळेल? चार मीटर अंतर आणि एक दार, म्हणजे −५० च्या आसपास यायला हवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डीबी पडतात. −७१ म्हणजे लॅपटॉप लांब आहे. हे त्या आकड्यातच लिहिलेलं होतं, तुम्ही मात्र एपीचं नाव तेवढं वाचलंत.

---

गॅलरीतला_एपी

@डेसिबल, मान्य, पण अर्धंच. मी हे रेक्टरना बोललो होतो. त्यांचं उत्तर: “म्हणजे लोखंडी कपाटात लपवलाय.” आणि ते खोटं ठरवता येईना! पत्र्याच्या कपाटातला जवळचा लॅपटॉप आणि मोकळ्या हवेतला लांबचा लॅपटॉप, दोघांचा आकडा एकच येऊ शकतो.

---

डेसिबल

कपाटातला लॅपटॉप झाकण मिटून झोपलेला असतो हो, नऊ मिनिटं नेटवर्कवर कशाला बसेल? पण तो मुद्दा सोडा. एका एपीवर कुणी ठिकाण ठरवतं का? बऱ्याच कंट्रोलरमध्ये शेजारच्या कोणत्या एपींना तो क्लायंट किती ऐकू आला हेही दिसतं. ए विंगच्या दोन-तीन एपींनी त्याला −७४, −७८ असं ऐकलं असतं तर तिथेच शंका यायला हवी होती. तीन एपींचे आकडे आणि फ्लोअर प्लॅन मिळून पाच-दहा मीटरचा अंदाज निघतो. एका एपीवर तो निघत नाही.

डिव्हाइस चालू असताना करायची दुसरी युक्ती: तो एपी एक मिनिट बंद करायचा आणि क्लायंट कुठे जातो ते बघायचं. तो ए विंगला चिकटला की उत्तर मिळालं. रोमिंगचा, म्हणजे एका एपीवरून दुसऱ्यावर जायचा, निर्णय क्लायंट घेतो, एपी नाही, त्यामुळे ही परीक्षा बऱ्यापैकी प्रामाणिक असते.

(८०२.११एमसी, म्हणजे वायफायवरून अंतर मोजायची पद्धत, येणार म्हणून कुणी उड्या मारू नका. २०१६ च्या वायफाय मानकात ते आलं, सिग्नलच्या जोराऐवजी जायला-यायला लागणारा वेळ मोजतं, मीटर-दोन मीटरपर्यंत नेमकं सांगतं. अँड्रॉइडमध्ये २०१८ ला ९ व्या आवृत्तीत सोय आली. पण ते दोन्ही टोकांना यावं लागतं. वसतिगृहाच्या एपींमध्ये? विसरा.)

---

रेक्टरबाई

मी दुसऱ्या गावच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे, पण इथे ज्यांना खलनायक केलंय त्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

लॅपटॉप साठ-सत्तर हजारांचा असतो. निम्म्या मुलींच्या घरी त्याचे हप्ते चालू असतात. रात्री अकरा वाजता मुलगी रडत येते, खाली तिच्या वडिलांचा फोन सुरू असतो, आणि नेटवर्कवाला मला सांगणार की माहिती आहे पण देत नाही? मग मी काय करू? माहिती नसती तर मी सगळा मजला तपासला असता, म्हणजे सहाऐवजी चोवीस खोल्या. तुमच्या कंट्रोलरमुळे अठरा खोल्या वाचल्या, असंही म्हणता येईल.

पोलिसांकडे जा म्हणणं सोपं आहे. फोन असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) टाकून ब्लॉक तरी करता येतो. लॅपटॉपला सहसा सिम नसतं, आयएमईआय नसतो. तो सापडला तर असाच सापडतो.

---

लिमलेट

मी ३०९ मधला नाही, पण अशाच एका ‘३०९’ मध्ये राहिलोय. दुसरं कॉलेज, दुसरं वर्ष, हरवलेला टॅब. आमच्या खोलीत तिघं होतो. झडतीत काही निघालं नाही. दोन दिवसांनी टॅब मालकाच्याच गावाकडच्या बॅगेत मिळाला.

मॅडम, अठरा खोल्या वाचल्या हे खरं. पण सगळा मजला तपासला असता तर ती नुसती तपासणी झाली असती. “कॉम्प्युटरने तुमचीच खोली दाखवली” म्हटल्यावर तो आरोप होतो. मेसमध्ये पुढची दोन वर्षं लोक आमच्यासमोर चार्जर उचलून खिशात घालायचे. गंमत म्हणून.

---

सलाईनस्टँड

चर्चा चोरीवर अडकलीये, म्हणून वेगळा अनुभव. मी एका हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. आमचे इन्फ्यूजन पंप (ठरावीक वेगाने सलाईन-औषध देणारी यंत्रं) वायफायवर असतात. आयसीयूतून वॉर्डात पेशंटसोबत पंप जातो, परत कुणी आणत नाही, आणि मग पंप कमी पडतात म्हणून ओरड. पूर्वी दोन वॉर्डबॉय तासभर फिरायचे. आता मॅक टाकला की ‘चौथा मजला, पूर्व’ एवढं कळतं. पाच मिनिटांत पंप हाती. पंपाला बिचाऱ्याला अब्रू नाही, म्हणून कुणाची हरकत नाही.

गोची पुढे झाली. नर्सेसकडे वायफायवर चालणारे हँडसेट आहेत, प्रत्येकीच्या नावावर. एका रात्री पेशंटच्या नातेवाइकांनी तक्रार केली, आणि प्रशासनाने विचारलं, पहाटे ३ वाजता अमुक सिस्टरचा हँडसेट कुठल्या एपीवर होता? एपी निघाला खालच्या मजल्याचा. ती वॉर्डातच होती. जिन्याजवळच्या बेडला खालचा एपी जोरात मिळतो, हे आम्हाला पंप शोधून शोधून पाठ झालं होतं. ते लेखी दिलं तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. धागाकर्त्याशी सहमत. वस्तू शोधा. वस्तूवरून माणूस शोधायला लागलात की नकाशा तोच राहतो, चुकीची किंमत बदलते.

---

टेम्सकाठी

लंडनहून. इथल्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनने २०१६ च्या शेवटी चार आठवडे भुयारी रेल्वेच्या ५४ स्टेशनांवर प्रवाशांच्या फोनचे वायफाय संपर्क नोंदवले. ५६ लाख डिव्हाइस, ५० कोटींहून जास्त नोंदी. ऑयस्टर या तिकिटाच्या कार्डावरून कुठे चढलात-उतरलात एवढंच कळतं, मधली वाट कळत नाही. वायफायवरून निघालं की किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू लोक १८ वेगवेगळ्या वाटांनी जातात. २०१९ पासून हे कायमचं सुरू झालं. मॅक अ‍ॅड्रेस झाकून ठेवतात, स्टेशनांत पाट्या आहेत, नको असेल त्याने वायफाय बंद करावं.

म्हणजे एपीची नोंद गर्दीसाठी झकास चालते. दहा हजारांत दोनशे चुकीच्या जिन्यावर दिसले तरी बिघडत नाही. एका माणसाबाबत चुकलात तर चूक शंभर टक्के त्याच्या वाट्याला.

---

डेसिबल

@टेम्सकाठी, गर्दीसाठीही ते दिवस कठीण होत चाललेत. आयओएस १४ (२०२०) आणि अँड्रॉइड १० (२०१९) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक देतो. ओळखायची खूण सोपी: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला पत्ता नव्हे.

---

लिमलेट

आणि म्हणूनच वसतिगृहाच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, “प्रायव्हेट अ‍ॅड्रेस बंद करून मगच नोंदणी करावी.” नेट हवं तर ओळख द्या. कुणी पर्याय ठेवलाय का?

---

कज्जेदलाल

वकील आहे, सल्ला समजू नये. नोंद *ठेवणं* आणि नोंद *बघणं* यांत इथे गल्लत होतेय. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था वगैरेंनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत. पण तो नियम सायबर सुरक्षेसाठी आहे, कोण कुठे झोपलं हे बघायला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच: ज्या कारणासाठी माहिती घेतली, त्याच कारणासाठी वापरा.

लॅपटॉपच्या मालकाने स्वतः लेखी मागितलं, तर त्याचा डिव्हाइस शोधायला माझी ना नाही. पण उत्तर मिळणार त्याच्या लॅपटॉपबद्दल. ३०९ मधल्या मुलांनी कशालाही संमती दिलेली नव्हती.

---

रेक्टरबाई

वकीलसाहेब, लेखी अर्ज येईपर्यंत लॅपटॉप एसटीत बसून गावाला पोचतो.

---

कज्जेदलाल

@रेक्टरबाई, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहिल्या तरी लेखीच असतं.

---

गॅलरीतला_एपी

सगळ्यांना एकत्र. डेसिबलचं बरोबर: शेजारच्या एपींचे आकडे मी त्या दिवशी पाहिले नाहीत, काल काढले. ए विंगच्या अभ्यासिकेजवळच्या एपीने त्याच नऊ मिनिटांत त्याला −७५ ने ऐकलं होतं. स्क्रीनवर दोन क्लिकवर होतं. ही चूक माझीच.

तरी रेक्टरबाईंना एवढंच म्हणेन, पुढच्या वेळी मी “अमुक एपी” असं कळवणार नाही. डिव्हाइस पुन्हा नेटवर्कवर आला की अलर्ट येईल असं लावून ठेवीन, मी स्वतः फोनवर सिग्नल बघत फिरेन, आणि लॅपटॉप दिसला तर सांगेन. तासभर जास्त लागेल.

एपींची नावंही बदलली. आता खोल्यांचे नंबर नाहीत, खांबांचे आहेत. बी-३-खांब-४.

---

लिमलेट

एक विचारू? लॅपटॉप समोरच्या विंगमध्ये मिळाला हे त्या सहा खोल्यांना कुणी सांगितलं का?

---

गॅलरीतला_एपी

नाही. नोटीस बोर्डावर “हरवलेली वस्तू मिळाली” एवढंच लागलं होतं, कुठे मिळाली ते नव्हतं. रेक्टरना उद्या विचारतो. ते नाही म्हणाले तर ३०९ ला मी जाईन.