शब्दचर्चा : चेता नाहीत, मग 'चेतापारेषक' कसे?

प्रश्न (कोथरूड) : सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणावरच्या लेखाचं मराठीकरण चालू आहे. पहिल्या विदलनांच्या (फलित अंड्याच्या सुरुवातीच्या विभागण्यांच्या) वेळीच भ्रूणात सेरोटोनिन, अ‍ॅसिटिलकोलिन असतं, असं मुळात आहे. 'चेतापारेषक' (न्यूरोट्रान्समीटर, चेतापेशींमध्ये संदेश नेणारं रसायन) लिहावं, तर तेव्हा एकही चेतापेशी (न्यूरॉन) नसते. दुसरा शब्द सुचवा.

सदाशिव पेठ : 'चेतापारेषक' हे कामाचं नाव आहे, रेणूचं नाही, 'पोस्टमन'सारखं. सेरोटोनिन आतड्यात सापडलं तेव्हा ते एन्टेरामीन होतं. १९४८ मध्ये सीरममधून, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातून, वेगळं काढलं तेव्हा सेरोटोनिन झालं. दोन्ही एकच, हे १९५२ मध्ये ठरलं. दोन्ही नावांत चेतेचा मागमूस नाही! म्हणून सुरुवातीच्या भ्रूणासाठी थेट रेणूचंच नाव लिहा, एकत्रित उल्लेखाला 'चेतापूर्व संदेशक'. गॅस्ट्रुलाच्या (पेशी आत वळून थर बनतात त्या टप्प्याच्या) अखेरीस वरच्या टोकाला सेरोटोनिनवाल्या चेतापेशी दिसू लागतात. तिथून पुढे 'चेतापारेषक' खुशाल वापरा.

औंध : 'संदेशक'ला दुजोरा. 'पारेषण' म्हटलं की विजेचे मनोरे आठवतात. इकडून तिकडे काहीतरी जायलाच हवं. इथे तर बरेचसे ग्राही (संदेशक ज्यांना चिकटतो ती प्रथिनं) पेशीच्या आतच असावेत, असा रशियन संशोधक बुझनिकोव्ह यांचा निष्कर्ष. मेदात विरघळणारे रोधक (संदेशकाचं काम अडवणारी द्रव्यं) विदलन अडवतात. त्यांचीच कायम विद्युतभार असलेली रूपं पेशीपटलातून आत शिरत नाहीत आणि फारसं काही करत नाहीत.

कोथरूड : 'विदलन' की 'विभाजन'?

सदाशिव पेठ : विदलनच. विभाजनानंतर एरवी पेशी वाढते. इथे साधारण ०.१ मिलिमीटरचं अंडं तेवढंच राहतं, आतल्या पेशी मात्र लहान लहान होत जातात.

औंध : कृतीच्या भागात तीन ठिकाणी जपा. अंडी मिळवायला प्रौढ सी अर्चिनला ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड 'टोचतात'; 'पाजतात' नव्हे. रोधक डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवला असेल, तर नियंत्रण गटालाही (रोधक न दिलेल्या, तुलनेसाठीच्या भ्रूणांनाही) तेवढंच डायमिथाइल सल्फॉक्साइड द्यावं लागतं. नुसतं 'समुद्राचं पाणी' लिहिलंत तर परिणाम रोधकाचा की द्रावकाचा, हे कळणारच नाही. आणि 'ताजं द्रावण' मधला 'ताजं' गाळू नका. समुद्राचं पाणी अल्कधर्मी. त्यात सेरोटोनिन हवा-उजेडात ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पडतं. तसं द्रावण वापरलं, तर भ्रूणाला मिळालेली मात्रा बाटलीवरच्या आकड्यापेक्षा कमी असते.