मॅडव्हिलनी: फुटलेला डेमो सरस की २००४ चा अल्बम?

लूपवाला
रॅपर एम.एफ. डूम आणि बीट बनवणारा मॅडलिब यांचा अल्बम 'मॅडव्हिलनी' स्टोन्स थ्रो लेबलने २३ मार्च २००४ ला काढला. त्याच्या वर्षभराहून आधीच त्याची कच्ची टेप, म्हणजे डेमो, फुटून इंटरनेटवर फिरत होती. मग डूमने बराचसा रॅप पुन्हा रेकॉर्ड केला. शब्द बहुतेक तेच राहिले, पण आवाज खाली उतरला आणि उच्चार सैल, झोपाळू झाला. डेमोत तो वरच्या सुरात, अंगावर येणारा आहे. माझं ठाम मत: 'फिगारो' हे गाणं डेमोतलंच ऐकावं. त्याची आतली यमकं त्या जोरात एकेक करून कानावर आदळतात, अल्बममध्ये ती धुरासारखी विरतात. याला जुन्या आठवणींचा मोह म्हणणं अन्याय आहे. लेबलनेही पुढे तो डेमो अधिकृतपणे विकलाच.

बारामात्रा
साफ असहमत. मॅडलिबने यातले काही बीट ब्राझीलच्या हॉटेलात पोर्टेबल टर्नटेबल, एसपी-३०३ सॅम्पलर (आवाजाचे तुकडे उचलून वाजवणारं यंत्र) आणि कॅसेट डेकवर बनवले. जुन्या रेकॉर्डचा लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, त्या छोट्या सॅम्पलरमधून गेला की आवाजाच्या मधल्या पट्ट्यातच गर्दी होते, आणि चढा आवाजही तिथेच येऊन बसतो. दोघांची झटापट होते. खालचा, संथ आवाज लूपच्या बाजूला जागा करून घेतो. शिवाय २२ ट्रॅक, जेमतेम ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळजवळ नाहीच. हे सगळं ओरडून म्हटलं तर दहाव्या गाण्यापर्यंत कान थकतो. शेवटच्या 'ऱ्हाइनस्टोन काउबॉय'मध्ये तर डूम टेप फुटल्याचाच उल्लेख करतो. म्हणजे ती गळतीही अल्बमचा भाग झाली. डेमोवर थांबणाऱ्याला हे मिळतच नाही.

जुनी_कॅसेट
दोघांनीही आधी तुलना नीट करा.

दोन्ही फायली लाउडनेस मीटरवर एका पातळीला आणा, −१४ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) पुरे. जास्त आवाजाची फाइल खाली आणायची. कमी आवाजाची वर ढकलली तर आवाज फाटू शकतो. एका डेसिबलच्या फरकानेही मोठी बाजू 'जिवंत' वाटते.

मग वेग तपासा, इथेच बहुतेक जण फसतात. कॅसेटवरून उतरवलेली प्रत एक टक्का जलद असेल तर सूर सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. फक्त आवाज चढलाय की बीटसुद्धा? बीटही चढला असेल तर तो डूमचा जोश नव्हे, डेकच्या मोटरचा दोष.

यानंतर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही ट्रॅक पहिल्या किकवर (मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर) जुळवा आणि एकाची फेज उलटी करा, म्हणजे दोन्हीतला सारखा भाग एकमेकांना रद्द करतो. बीट जितका नाहीसा होईल तितका तो सारखा. उरतो तो रॅपमधला फरक. एमपीथ्री सुरुवातीला सुमारे २५ मिलिसेकंदांची शांतता घालते, म्हणून फाइलच्या सुरुवातीपासून जुळवू नका. १२८ केबीपीएसची, म्हणजे जास्त दाबलेली, एमपीथ्री प्रत असेल तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं असतं, त्यामुळे हाय-हॅटची (ड्रमच्या झांजांची) सळसळ उरणारच. त्यावरून बीट वेगळा आहे असा निष्कर्ष काढू नका.

लूपवाला
वेगाचा मुद्दा मान्य, तो आधीच लिहायला हवा होता. पण वेग जुळवल्यावरही डेमोतले शब्द जास्त टोकदार लागतात. व्यंजनांवरचा जोर मोटरमुळे येत नाही.

ताल_अनाघात
जे वारंवार समोर येतं ते आवडू लागतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच हे प्रयोगांनी दाखवलंय. ज्यांनी अल्बम आधी ऐकला त्यांना डेमो उतावळा वाटतो. मला मोठा प्रश्न वाटतो तो वेगळाच: जुनी आवृत्ती हाताशी राहते का?

कान्ये वेस्टचा 'द लाइफ ऑफ पाब्लो' हा अल्बम घ्या. १४ फेब्रुवारी २०१६ ला तो टायडल या स्ट्रीमिंग सेवेवर आला तेव्हा 'वुल्व्ह्ज' गाण्याच्या शेवटी गायक फ्रँक ओशन होता. मार्चमध्ये फाइल बदलली: गाण्याच्या त्याआधीच्या रूपात असलेले गायिका सिया आणि रॅपर व्हिक मेन्सा परत आले, ओशनचा भाग 'फ्रँक्स ट्रॅक' म्हणून वेगळा झाला. जूनमध्ये 'सेंट पाब्लो' हे गाणं जोडलं गेलं. स्ट्रीमवर ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

बारामात्रा
कलाकाराला दुरुस्ती करायचा हक्क आहे. सिया परतल्यावर 'वुल्व्ह्ज' जास्त भरीव झालं, माझ्या मते.

ताल_अनाघात
हक्क आहेच, पण जुनी प्रत पुसण्याचा नव्हे. डूमच्याच 'एमएम..फूड' या अल्बममधलं 'कुकीज' पाहा. पुढच्या आवृत्तीत त्याचं संगीत बदललं, तरी २००४ ची सीडी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मूळ गाणं आहेच. ओशनचा भाग मात्र मला 'वुल्व्ह्ज'चा शेवट म्हणूनच हवा आहे, वेगळा ट्रॅक म्हणून नाही. त्याच गाण्यात पुढे तो आवाज येणं आणि मध्ये ट्रॅक बदलणं यात फरक आहे.

जुनी_कॅसेट
मग फाइलच्या टॅगमध्ये (नावगावाच्या नोंदीत) अल्बमच्या नावापुढे तारीख घाला, 'पाब्लो १४-०२-२०१६' अशी. नाहीतर प्लेअर दोन्ही आवृत्त्या एकाच अल्बमात मिसळतो, आणि कोणतं 'वुल्व्ह्ज' वाजतंय हे शेवटपर्यंत कळत नाही.