‘निलंबित’ कण, गाळ आणि साका : ध्रुवीय समुद्राच्या निमित्ताने

विचारणा : सायबेरियातील नद्यांमुळे तेथील उथळ ध्रुवीय समुद्रांत येणाऱ्या कणांविषयी मी मराठीत लिहीत आहे. या कणांना ‘निलंबित’ म्हणावे, ‘तरंगते’ म्हणावे, की सरळ ‘गाळ’ म्हणावे?

उत्तर : ‘निलंबित’ म्हटले की आधी कर्मचारी आठवतो हे खरे, तरी शास्त्रीय लेखनात हा शब्द रुळलेला असल्यामुळे आपण तो ठेवावा. ‘तरंगते’ मात्र टाळावे, कारण तरंगणारी वस्तू पाण्याच्या पृष्ठभागावर असते आणि हे कण वरपासून तळापर्यंत विखुरलेले असतात. ‘गाळ’ हा शब्द कण तळाशी बसल्यावर शोभतो, आणि भांड्याच्या तळाशी बसतो त्याला ‘साका’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहेच.

माझा खरा आग्रह क्रियापदांसाठी आहे. वडोदऱ्यात आमच्या घरी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की आजी पितळेच्या पातेल्यात तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवीत असे. थोड्याच वेळात बारीक पुंजके धरत, ते संथपणे खाली उतरत आणि पाणी ‘निवळे’. नदीच्या मुखाशी तुरटीचे काम समुद्राचे मीठ करते. मातीच्या कणांवरील ऋण विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातील धन आयनांमुळे, म्हणजे धन विद्युतभार असलेल्या कणांमुळे, हा विरोध ओसरतो, कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन बसतात. ओब व येनिसेई या सायबेरियातील नद्या कारा समुद्राला आणि लेना नदी लाप्तेव समुद्राला मिळते, तेथे हेच घडते. रशियन समुद्रशास्त्रज्ञ लिसित्सिन यांनी १९९४ साली या पट्ट्याला महासागराच्या सीमेवरील गाळणीची उपमा दिली. नद्यांनी आणलेल्या निलंबित द्रव्यापैकी ९० ते ९५ टक्के येथेच अडते, असे त्यांनी मांडले. ‘गाळणी’ म्हटले की जाळी डोळ्यांसमोर येते, म्हणून मिठामुळे कण खाली बसण्याच्या या पहिल्या टप्प्यासाठी मला ‘निवळणे’ अधिक योग्य वाटते. पुढे सूक्ष्म प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, पाणी खरोखरच गाळून खातात, तेथे गाळणीची उपमा चपखल बसते.

विचारणा : पण बसलेला साका वादळाने पुन्हा वर आला तर?

उत्तर : त्यासाठी ‘डहुळणे’ आहे. गुजरातीतल्या ‘डहोळुं’मुळे (म्हणजे गढूळ) वडोदऱ्यातील मराठी घरांत हे क्रियापद अजून टिकून आहे, पण ते अस्सल मराठी आहे. लाप्तेव समुद्राचा बराच भाग ५० मीटरांहून उथळ आहे. बर्फ नसलेल्या दिवसांत वारा सुटला की लाटांचा जोर तळापर्यंत पोहोचतो आणि पाणी डहुळते. त्यामुळे तळालगतच्या पाण्यात आढळणारा प्रत्येक कण नदीने नुकताच आणलेला आहे असे समजू नये, आणि ‘गढूळ’ व ‘डहुळलेले’ यांतील भेद लेखात जपावा.

विचारणा : नद्यांच्या पाण्याला ‘अपधाव’ म्हणू का?

उत्तर : शेतजमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याला ‘अपधाव’ ठीक आहे. येथे ‘नद्यांतून येणारे पाणी’ म्हणावे आणि त्याचे मोजमाप सांगताना ‘विसर्ग’ वापरावा. आर्क्टिक महासागरात जगातील समुद्रजलाचा जेमतेम १ टक्का भाग आहे, पण जगातील नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे १० टक्के त्याला मिळते, आणि त्यातले पुष्कळसे बर्फ वितळताना, मेअखेर व जूनमध्ये, एकदम येते. हे गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर पसरते आणि अतिसूक्ष्म कण किनाऱ्यापासून दूरवर घेऊन जाते. अशा कणांना, ते निवळेपर्यंत, ‘निलंबित’च म्हणावे.